समुपदेशकाच्या खोलीत नेमकं काय घडतं?

“मॅडम, डोकं दुखस.”

एस. वाय. बी.एस्सी.ची ती मुलगी प्रॅक्टिकल संपल्यावर मागे थांबायची आणि एवढंच सांगायची. धुळे जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलेली, वसतिगृहात राहणारी, कॉलेजात पोचलेली घरातली पहिलीच. मी तिला आधी डोळे तपासायला पाठवलं. नंबर निघाला नाही. मग रक्त तपासलं, हिमोग्लोबिन थोडं कमी निघालं, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. डोकं दुखणं मात्र थांबलं नाही. दिवाळीच्या सुट्टीत ती घरी गेली ती परतलीच नाही. पुढच्या जूनमध्ये दाखला न्यायला आली, तेव्हा दारात उभ्या उभ्या तिनं सांगितलं की त्या तीन-चार महिन्यांत पहाटे तीनपर्यंत डोळ्याला डोळा लागत नव्हता, मेसचा डबा निम्मा परत जायचा, वही उघडली की एकाच ओळीवर अर्धा अर्धा तास जायचा.

“तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. ते वाक्य मात्र माझ्या मनातून आजही जात नाही.

मी मानसशास्त्राची नाही, रसायनशास्त्र शिकवते. पण त्या जूननंतर मी वाचायला लागले, प्रशिक्षणांना बसले, या क्षेत्रात काम करणाऱ्यांना प्रश्न विचारत राहिले. त्यातून जे समजलं ते इथं मांडतेय. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कॉलेजांत शिकणाऱ्या मुलामुलींसाठी, त्यांच्या आईवडिलांसाठी आणि माझ्यासारख्या शिक्षकांसाठी.

आधी शरीर बोलतं

“मला नैराश्य आलंय” असं आपल्याकडे कुणी म्हणत नाही. “जीव घाबरस”, “करमत नही”, “रातले झोप येत नही”, “छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं”, असंच सांगतात. ऐकणारा मग छातीचा फोटो काढायला पाठवतो, पोटाच्या गोळ्या देतो किंवा “नाटकं करते” म्हणून सोडून देतो.

ते नाटक नसतं. धोका जाणवला की मेंदू मूत्रपिंडांवर बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथींना निरोप धाडतो. तिथून अॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल रक्तात उतरतं. ठोके वाढतात, मान आणि खांदे आखडतात, पचन मंदावतं. शेताच्या बांधावर कुत्रं मागे लागलं तर हीच व्यवस्था आपल्याला वाचवते, आणि कुत्रं गेलं की थोड्या वेळात सगळं निवतं. पण थकलेली फी, दोन विषयांची एटीकेटी, घरचं कर्ज, ठरत आलेलं लग्न यांच्यापासून पळून जाता येत नाही. मग तो निरोप रात्रंदिवस चालूच राहतो. आखडलेल्या मानेनं डोकं दुखतं ते खरंच दुखतं. झोप खरंच येत नाही. अशा वेळी लोहाची गोळी हिमोग्लोबिन वाढवेल, डोकं थांबवणार नाही.

मग साधी उदासी आणि आजार यातला फरक कसा ओळखायचा? निकाल वाईट लागला, मैत्रीण दुरावली, आजोबा गेले, म्हणून चार-आठ दिवस रडू येणं हा माणसाचा स्वभाव आहे. पण दोन आठवडे किंवा जास्त, जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ मन खाली असेल, आवडत्या गोष्टींतही रस उरला नसेल, आणि सोबत झोप, भूक, एकाग्रता बिघडली असेल, “मी कामाचाच नाही” किंवा “नसलेलं बरं” असं मनात येत असेल, तर तपासून घ्यायलाच हवं. अचानक छाती धडधडणं, श्वास न पुरणं, हातापायांना मुंग्या, “आता मी मरतो” अशी भीती आणि साधारण दहा मिनिटांत सगळं शिगेला पोचून हळूहळू उतरणं, याला पॅनिक अॅटॅक म्हणतात. त्यानं जीव जात नाही, पण पहिल्यांदा झालं तर हृदयाचं काही नाही ना हे डॉक्टरांकडून पाहून घ्यावं.

कुणाकडे जायचं

इथं भलताच गोंधळ आहे, कारण आपण सगळ्यांना सरसकट “डोक्याचे डॉक्टर” म्हणतो. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस करून पुढं मनोविकारशास्त्र शिकलेले डॉक्टर. औषध ते लिहून देतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेतात, बोलण्यातून उपचार करतात, औषध देत नाहीत. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. समुपदेशक मानसशास्त्र किंवा समाजकार्य शिकलेले असतात आणि अभ्यास, नाती, ताण, शोक अशा गोष्टींत सोबत करतात. प्रकरण आपल्या हातचं नाही असं दिसलं तर चांगला समुपदेशक स्वतःहून पुढं पाठवतो.

एक सावधगिरी मात्र हवी. आपल्याकडे आठवड्याभराच्या शिबिरावरसुद्धा “समुपदेशक” अशी पाटी लागलेली दिसते. तुमचं शिक्षण काय झालं, हे विचारायला लाजू नका. ज्याचं शिक्षण झालंय त्याला या प्रश्नाचा राग येत नाही.

बऱ्याच कॉलेजांत हे काम एखाद्या प्राध्यापकाला “अतिरिक्त कार्यभार” म्हणून दिलं जातं. माझा याला सरळ विरोध आहे. ज्या माणसाच्या हातात माझे अंतर्गत गुण आहेत, त्याच्यासमोर मी मन मोकळं करूच शकत नाही. आम्ही शिक्षकांनी ओळखायला शिकावं, विचारायला शिकावं, दारापर्यंत सोबत जावं. खोलीत बसणारा माणूस वेगळा असावा.

खोलीच्या आत

समुपदेशन या शब्दातच “उपदेश” आहे, आणि मला वाटतं निम्मी मुलं त्या शब्दानंच मागे फिरतात. उपदेशाला इथं काय तोटा? घरी आहे, चावडीवर आहे, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या मामांकडे आहे. “अरे, आमच्या वेळी तर…” हे ऐकायला कुणी वेळ घेऊन कशाला जाईल?

आत घडतं ते वेगळंच. साधारण पाऊण तास ते पन्नास मिनिटांची बैठक असते. सुरुवातीला समुपदेशक नाव-गाव, झोप, जेवण, घरात कोण कोण, आधी कधी असं झालं होतं का, हे विचारतात, आणि इथलं बोलणं कुठं जाईल, कुठं जाणार नाही, ते सांगतात. मग बहुतेक वेळ तुम्ही बोलता.

समजा, रावेरकडचा एक मुलगा आहे. मे महिन्यातल्या वादळानं वडिलांची कापणीला आलेली केळीची बाग आडवी झाली. निकाल लागला तर दोन विषय राहिले. तेव्हापासून तो वर्गात येत नाही, खोलीवर पडून राहतो, वडिलांचा फोन उचलत नाही. घरचे म्हणतात आळशी झाला, मित्र म्हणतात टेन्शन नको घेऊ भो. समुपदेशक यातलं काहीच म्हणत नाही. ती विचारते, “फोन वाजतो तेव्हा मनात काय येतं?”

बराच वेळ तो गप्प बसतो. ती ते गप्प राहणंही मोडत नाही. शेवटी तो म्हणतो, “पप्पा विचारतील, निकाल काय लागला. बाग गेली, आता मीही गेलो.”

इथं धागा सापडतो. अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९५०च्या दशकात एक साधी मांडणी केली आणि १९६०च्या दशकात अॅरन बेक यांनी त्याच दिशेनं नैराश्यावर मोठं काम केलं. घटना आणि तिचा आपल्यावर होणारा परिणाम यांच्या मधे आपला विचार उभा असतो, असं ते सांगत. दोन विषय राहिले, ही घटना. फोन न उचलणं, अंथरुणातून न उठणं हा परिणाम. आणि मधे उभं असलेलं वाक्य म्हणजे “मीही गेलो.” वादळानं बाग जाते तशी दोन पेपरांनी माणूस जातो का? ती त्याला तसं सांगत नाही, त्याच्याकडूनच तपासून घेते. किती विषय सुटले? राहिलेले पुन्हा कधी देता येतात? वडिलांनी याआधी बागेचं नुकसान सोसलं तेव्हा त्यांनी काय केलं होतं? या शेवटच्या प्रश्नावर तो पहिल्यांदा मान वर करून बोलतो, कारण ते त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं असतं: आडवी खोडं ओढून बांधावर टाकणारे वडील, आणि पुढच्या लागवडीसाठी पुन्हा रोपांची चौकशी करणारे वडील.

पहिल्या बैठकीच्या शेवटी फार मोठं काही ठरत नाही. आठवड्यात एकदा वर्गात बसायचं आणि वडिलांना एक फोन आपणहून करायचा, इतकंच. पुढच्या वेळी त्यावर बोलायचं. असं चार, सहा, कधी दहा-बारा वेळा. एका बैठकीत बरं वाटलं नाही म्हणून सोडू नये. दोन-तीन वेळा जाऊनही त्या व्यक्तीशी जुळलंच नाही, तर दुसरी व्यक्ती मागावी. त्यात कुणाचा अपमान नाही.

आता मला मनापासून वाटतं ते सांगते. सगळी दुखणी विचारात नसतात. शिष्यवृत्ती सहा महिने अडकली म्हणून मुलगी एक वेळ जेवत असेल, तर तिचा विचार बदलून काय होणार? तिथं समुपदेशकानं कार्यालयात जाऊन फीचे हप्ते करून घ्यायचे, “कमवा आणि शिका”त नाव घालायचं, मेसचं बघायचं. जातीवरून टोमणे, रॅगिंग, मुलींची छेड यांवर तर “तू मन घट्ट कर” हे सांगणंच चूक आहे. रॅगिंगविरोधी नियम विद्यापीठ अनुदान आयोगानं २००९ मध्येच केलेत. तिथं तक्रार आणि कारवाई व्हायला हवी, समुपदेशन त्याच्या सोबतीला असावं, त्याच्या जागी नव्हे.

आणि भाषा. धडगाव, अक्कलकुवा, शहाद्याच्या वरच्या अंगानं येणाऱ्या कितीतरी मुलांची घरची भाषा पावरी किंवा भिली आहे, मराठी त्यांना शाळेत भेटली. रडू ज्या भाषेत येतं त्या भाषेत बोलता आलं पाहिजे. समुपदेशकाला पावरी येत नसेल तर मुलाला आपल्या शब्दांत, थांबत थांबत सांगू द्यावं, मधे शुद्ध मराठी शब्द पुरवू नयेत. अहिराणीचंही तेच. “घाबरस” याचं “मला चिंताविकार आहे” असं भाषांतर पहिल्याच मिनिटाला करून टाकलं, तर बाकीचं बोलणं तिथंच आटतं.

घरचे भगताकडे किंवा बडव्याकडे, म्हणजे गावच्या मांत्रिकाकडे नेतात, यावरून वाद घालत बसू नये. त्यांना तिथं धीर मिळत असेल तर मिळू द्या, दवाखाना मात्र त्यासाठी थांबवू नका. मारणं, उपाशी ठेवणं, बांधून ठेवणं हे कुणाच्याही नावानं होत असेल तर लगेच अडवा.

घरी कळेल का?

मुली हाच प्रश्न सगळ्यात आधी विचारतात, आणि त्यामागे लग्नाची भीती असते. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ यानं उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क दिलाय. तुम्ही अठरा वर्षांच्या वर असाल तर तुमच्या परवानगीशिवाय आईवडिलांना, प्राचार्यांना, रेक्टरना सांगायचं नसतं. अपवाद थोडे आहेत. तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल, अठरा वर्षांखालच्या मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाला असेल, किंवा न्यायालयानं मागितलं, तर सांगावं लागतं. पहिल्याच भेटीत हे अपवाद तोंडी समजून घ्या. मार्कशीटवर, दाखल्यावर यातलं काही येत नाही.

गोळ्यांबद्दल

हा माझ्या विषयाच्या जवळचा भाग, म्हणून थोडं सांगते. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देताना सेरोटोनिनसारखी रसायनं मधल्या फटीत सोडतात आणि काम झालं की परत ओढून घेतात. नैराश्यावरची सध्याची बरीच औषधं हे परत ओढणं कमी करतात, त्यामुळे ते रसायन फटीत जास्त वेळ राहतं. गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात, कारण मेंदूला त्याच्याशी जुळवून घ्यायला वेळ लागतो. सुरुवातीचे काही दिवस मळमळ, अस्वस्थता वाटू शकते. पंचविशीच्या आतल्यांनी या दिवसांत डॉक्टरांच्या संपर्कात राहणं जास्त गरजेचं, आणि मनात जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार वाढले तर त्याच दिवशी कळवायचं. आठव्या दिवशी “काही फरक नाही” म्हणून गोळी बंद करणं आणि दोन महिन्यांनी “आता बरं वाटतंय” म्हणून बंद करणं, या दोन्ही चुका इथं रोज होतात. कमी करायची ती डॉक्टर सांगतील तशी, पायरी पायरीनं. दारूसारखी सवय या गोळ्यांची लागत नाही. झोपेच्या काही गोळ्यांची मात्र लागू शकते, म्हणून मेडिकलवरून परस्पर आणून, रूममेटची अर्धी घेऊन चालणार नाही.

प्रत्येकाला गोळ्या लागतातच असं नाही. सौम्य त्रासात नुसत्या बोलण्याच्या उपचारानंही उतार पडतो.

जिवावर बेतलं तर

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आपलं आयुष्य संपवलं, आणि राज्यांमध्ये सर्वाधिक १,७६४ महाराष्ट्रातले होते. हा आकडा लिहितानाही मला त्या मुलीचा चेहरा दिसतो. ती सुखरूप आहे, शिवणकाम करते, पण कुणाच्याही लक्षात न येता ती किती जवळ जाऊन आली असेल ते मला ठाऊक नाही.

मित्राबद्दल शंका आली तर सरळ विचारा: “तुझ्या मनात मरायचे विचार येतात का?” विचारल्यानं तो विचार डोक्यात घुसतो असं लोक मानतात, ते खरं नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून बोलता येतं. “हो” म्हटलं तर एकट्याला सोडू नका आणि “कुणाला सांगणार नाही” असं वचन देऊ नका. आपल्याकडे शेतघरात फवारणीची औषधं सहज हाताशी असतात. ती कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या. तो टोकाचा आवेग पुष्कळदा थोड्या वेळाचा असतो, तेवढा वेळ टळला तर माणूस वाचतो.

१४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा क्रमांक. केंद्र सरकारनं १० ऑक्टोबर २०२२ रोजी ही सेवा सुरू केली. चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथं केसपेपर काढून मनोविकार विभागाबद्दल विचारता येतं.

कुणी प्रयत्न केलाच असेल तर पोलीस केसच्या भीतीनं दवाखान्यात न्यायला एक मिनिटही लावू नका. २०१७च्या कायद्याचं ११५ वं कलम सांगतं की असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं मानायचं आणि त्याच्यावर खटला चालवायचा नाही. जुन्या दंड संहितेतलं ३०९ वं कलमही १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता आल्यावर तसं उरलेलं नाही. दवाखाना नोंद करतो, पण गुन्हेगार ठरवत नाही.

कॉलेजकडे काय मागायचं

२५ जुलै २०२५ रोजी सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं पंधरा मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेनं किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायचा किंवा जोडून घ्यायचा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडणी करायची. शिक्षक आणि कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यायचं. मदतीचे क्रमांक, त्यात टेली-मानसही, वसतिगृहात आणि वर्गात मोठ्या अक्षरांत लावायचे. १९९०मध्ये जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं, त्याआधी आपली कॉलेजं पुणे विद्यापीठाखाली होती. विद्यापीठ घराजवळ आलं, खेड्यापाड्यांतली मुलं कॉलेजात आली, पण त्यांच्या मनाची विचारपूस करणारा माणूस सगळीकडे पोचलेला नाही. तुमच्या कॉलेजात तो नसेल तर चार जणांनी सही करून प्राचार्यांकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

असेल, तर खोली कुठं आहे ते आधी पाहून ठेवा. कार्यालयाच्या काउंटरसमोर असेल, आत जाणारा सगळ्यांना दिसत असेल, तर जागा बदलायला सांगा.

दारात गेल्यावर पहिलं वाक्य सुचत नाही, हीच बहुतेकांची अडचण असते. तिथं आजाराचं नाव सांगायची गरज नाही, कारणही सांगायची गरज नाही. “बऱ्याच दिवसांपासून झोप येत नाही” एवढं पुरतं. अहिराणीतच सुचलं तर अहिराणीतच बोला. तेही सुचलं नाही, तर मोबाईलवर दोन ओळी लिहून त्यांच्यासमोर धरा. आणि एकट्यानं जायचं धाडस होत नसेल तर रूममेटला सोबत न्या. ती बाहेरच्या बाकावर बसून राहील.

आता प्रॅक्टिकल संपल्यावर कुणी मागे थांबलं आणि डोकं दुखतं म्हणालं, तर मी डोळ्यांच्या नंबराआधी विचारते, “झोप लागते का रात्री? डबा पूर्ण खातेस ना?”